काढताना उडणारी ठिणगी

आधी माफी मागतो. आत्मकथन लिहावं असं माझ्या आयुष्यात काही घडलेलं नाही, आणि जे घडलं त्यातलं बरंचसं माझ्याच हातून बिघडलेलं आहे. आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजची पायरी चढलेलं नव्हतं. घरात लिहिलेला कागद म्हणजे सातबारा, नाहीतर कुणाची तरी लग्नपत्रिका. त्यामुळे आजही मी वही घेऊन बसलो की बायको विचारते, "कसला अर्ज लिहिताय?" मी म्हणतो, आठवणी लिहितोय. ती म्हणते, "मग जरा थोडक्यात लिहा." तिचं ऐकून मी एका उन्हाळ्यापुरतंच लिहायचं ठरवलं आहे. मोठ्या माणसांच्या आठवणींत मोठी माणसं येतात. माझ्या आठवणीत एक आत्या आहे, भंगारातला एक पंखा आहे आणि हरभऱ्याच्या दाण्याएवढा एक डायोड आहे. त्याबद्दल वाचणाऱ्याने रागवू नये.

आमचं गाव वडवणीपासून आत, कच्च्या रस्त्यावर. घरात अण्णा म्हणजे माझे वडील, आई, मी, आणि अण्णांची थोरली बहीण कौसाआत्या. आत्या लग्नानंतर पाचेक वर्षांतच माहेरी परत आली होती. का आली हे घरात कुणी बोलत नसे आणि तिला विचारायची कुणाची छाती नव्हती. तिने अण्णांकडून विहिरीजवळचं एक एकर मागून घेतलं, त्यात तुती लावली आणि बांधावर पत्र्याचं शेड उभारून रेशमाच्या अळ्या पाळायला सुरुवात केली. त्या शेडचे नियम देवळापेक्षा कडक होते. चपला बाहेर, हात साबणाने धुऊन, दारातल्या चुन्याच्या पट्ट्यावर पाय ठेवून मगच आत. अत्तर नाही, अगरबत्ती नाही, तंबाखू तर नाहीच, कारण तंबाखूच्या हाताने तोडलेला पाला खाल्ला तरी अळी मरते. अण्णांच्या खिशात तंबाखूची पुडी कायम असायची, म्हणून स्वतःच्याच रानातल्या त्या शेडमध्ये ते वर्षानुवर्षं गेले नव्हते. दारात उभे राहून बोलायचे, एखाद्या सरकारी कचेरीसमोर उभं राहिल्यासारखे.

बॅच चालू असली की घरातलं जेवणही बदलायचं. मिरची भाजली की ठसका वाऱ्याने शेडकडे जातो म्हणून आत्याने भाजणं-तळणं बंद करून टाकलेलं होतं. महिनाभर भाजक्या मसाल्याची येसराची आमटी नाही, ठेचा नाही. ज्वारीची भाकरी, दही, कच्चा कांदा आणि आईने आधीच कुटून ठेवलेली शेंगदाण्याची चटणी. अण्णा ताटाकडे बघत म्हणायचे, "अळ्या माज्यापरीस चांगलं खायल्यात." ते खरं होतं. चौथी कात टाकल्यावर अळी जी खायला लागते, तिला थांबणं माहीत नसतं. सात-आठ दिवस हजारो अळ्या एकाच वेळी पाला खातात आणि शेडमध्ये एक आवाज भरून राहतो. शेजारच्या खोलीत बसून कुणी जुनी वर्तमानपत्रं अगदी सावकाश फाडत आहे, असा तो आवाज. आत्या त्या आवाजावरून सांगायची, आज भूक बरी आहे, आज कमी आहे, आज हवा कोंडली आहे. मी बाजूला थर्मामीटर घेऊन उभा असायचो आणि माझा आकडा येण्याआधी तिचं उत्तर आलेलं असायचं.

अडचण उन्हाळ्याची होती. आमच्याकडे वैशाखात पत्रा असा तापतो की त्याखाली माणूस बसत नाही, आणि अळीला तर अठ्ठावीसच्या वर सोसत नाही. आधीच्या दोन्ही उन्हाळ्यांत आत्याची बॅच शेवटच्या आठवड्यात गेली होती. मेलेल्या अळ्या पाटीने उचलून खड्ड्यात टाकताना तिला मी पाहिलं आहे. ती रडली नाही, फक्त चार दिवस कुणाशी बोलली नाही. त्या वर्षी अण्णांनी शेडच्या दारात उभं राहून सांगून टाकलं, "आक्का, ह्या उन्हाळ्याची बॅच निघाली तर तुती ऱ्हाऊ दे. न्हाईतर पाऊस पडायच्या आत मोडतो आन् ऊस लावतो. तेलगावच्या पाव्हण्याला बेण्याचं बोलून ठिवलंय." आत्या पाला चिरत होती. तिने मान वर केली नाही. म्हणाली, "बोलून ठिव की. बोलायला काय लागतंय."

मी तेव्हा इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला, घरापासून पाच तासांवरच्या शहरात होतो. मला प्रोजेक्ट करायचा होता आणि आत्याला गारवा हवा होता. मला वाटलं, आपल्या शिक्षणाचा घराला उपयोग व्हायची वेळ आली. हे वाक्य मी त्या वेळी खोलीतल्या सिद्धूला मोठ्याने म्हणूनही दाखवलं होतं. सिद्धू चकलांब्याचा, माझ्याच वर्गातला. तो म्हणाला, "तू आधी पास हो बे, घराचं घर बघून घेईल."

योजना अशी होती. एका जुन्या जीपचा रेडिएटरचा पंखा भंगारातून आणायचा, पत्र्याच्या पेटीत बसवायचा, पेटीच्या तिन्ही बाजूंना ओलं बारदान लावायचं. झाला कूलर. लाइटचा भरवसा नाही म्हणून पंखा ट्रॅक्टरच्या बॅटरीवर चालवायचा आणि लाइट येईल तेव्हा बॅटरी चार्ज करायची. पंखा कधी लागावा आणि कधी थांबावा हे मायक्रोकंट्रोलर ठरवणार. अठ्ठावीसला लाव, सव्वीसला बंद कर. हेच दोन आकडे मी एका पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरांत लिहून शेडच्या भिंतीवर लावले होते, कारण आत्याला यंत्राचं काम समजावं असा माझा सद्हेतू होता.

आता थोडं तांत्रिक सांगतो. मायक्रोकंट्रोलर म्हणजे बोटाच्या पेराएवढी चिप. तिच्या पायातून निघणारी वीज इतकी कमी असते की तिच्यावर फार तर एक बारीक दिवा लागतो. ती स्वतः पंखा फिरवत नाही. ती फक्त हुकूम देते आणि मधला मोठा ट्रान्झिस्टर पंख्याचं ओझं उचलतो. अण्णांना मी हे मुकादमाचं उदाहरण देऊन सांगितलं होतं. मुकादम स्वतः ऊस तोडत नाही, तोडायला लावतो. अण्णा म्हणाले, "म्हंजे पैलं खाणारा हाच." प्रोजेक्टच्या मॅडमनी दिलेल्या आकृतीत आणखी एक वस्तू होती, पंख्याच्या दोन टोकांना आडवा जोडलेला डायोड. डायोड विजेला एकाच दिशेने जाऊ देतो, आणि आकृतीत तो नेमका उलटा जोडलेला होता. म्हणजे पंखा फिरत असताना त्याच्यातून काहीच जात नव्हतं. मी तो लावून पाहिला, पंखा फिरला. काढून पाहिला, पंखा तसाच फिरला. तीनदा हे करून पाहिलं आणि माझी खात्री पटली की हा गडी फुकट बसून आहे.

माझी ही खात्री कुठून आली हे सांगितलं पाहिजे, कारण ती कॉलेजातून आली नव्हती. आमच्याकडे विजेच्या कामात हुशार कोण, तर जो "डायरेक्ट" करतो तो. फ्यूज सारखा उडतो का, मग बारीक तार काढून जाड तार बांध. मोटारीचा स्टार्टर सारखा पडतो का, मग त्याच्या बटणात लाकडाची खपली ठोकून दे, पुन्हा पडणार नाही. यंत्र वाचवण्यासाठी बसवलेली प्रत्येक वस्तू आमच्या रानात अडवणूक समजली जायची, आणि ती अडवणूक काढून टाकणाऱ्या माणसाला शेजारचे बांधावरून हाक मारून नेत. अण्णा त्यात नावाजलेले होते. मी दहा वर्षांचा असताना अण्णांनी मला पहिल्यांदा फ्यूजमध्ये जाड तार पिळायला दिली, तेव्हा मला मुंजीचा मान मिळाल्यासारखं वाटलं होतं. नंतर मोटार जळायची, ती गुंडाळायला न्यायची, आणि सगळे म्हणायचे की कंपनीच खराब. त्यामुळे चार वर्षं इंजिनिअरिंग शिकूनही मी पंख्यावरचा डायोड काढला तो अण्णांचाच मुलगा म्हणून काढला. काढून खिशात टाकला. चिपचा पाय आणि ट्रान्झिस्टर यांच्यामधला छोटा रेझिस्टर मात्र ठेवला. त्याच्यावर रंगीत पट्टे होते आणि तो फोटोत बरा दिसायचा.

ज्या दिवशी चिप आणि ट्रान्झिस्टरचा डबा शेडमध्ये बसवला त्या दिवशी अळ्यांनी चौथी कात टाकलेली होती. अण्णा दारात, शेजारचे चार जण त्यांच्या मागे, आणि आत मी. पारा अठ्ठावीसला गेला, कुणी हात न लावता पंखा घरघरला आणि ओल्या बारदानाचा वास शेडभर पसरला. सव्वीसला आपोआप थांबला. मी न विचारता वीस मिनिटं भाषण केलं. त्यात "भविष्य" हा शब्द चार वेळा आला, असं सिद्धूला मी नंतर स्वतःच अभिमानाने सांगितलं. आत्या ऐकत होती. शेवटी म्हणाली, "आन् हे बंद पडलं तर?" मी म्हणालो, "आत्या, याला बंद पडायचं कारणच नाही." ती म्हणाली, "बरं." संध्याकाळच्या बसने मी परत शहरात आलो, कारण पुढच्या आठवड्यात प्रोजेक्टची तोंडी परीक्षा होती.

रोज संध्याकाळी मी फोन करायचो. "आत्या, दिवसभर किती होतं?" "सत्तावीस." दुसऱ्या दिवशी सत्तावीस. तिसऱ्या दिवशी, "सव्वीस, सत्तावीस." मी आकडे अहवालात लिहीत गेलो, त्यांचा आलेख काढला, आलेखावर रंगीत पेनने रेघ मारली. ती रेघ इतकी सरळ आली होती की मॅडम म्हणाल्या, अहवालात सर्वांत चांगलं पान हेच आहे. "पंखा नीट चालतो ना?" असं मी एकदा विचारलंही होतं. आत्या म्हणाली, "फिरायलाय की." आणि फोन ठेवला. त्या आठवड्यात ती जरा तुटक बोलत होती, पण पाला टाकायच्या गडबडीत ती तशीच बोलते, म्हणून मी लक्ष दिलं नाही. आज मी पॅनेल बनवणाऱ्या एका छोट्या कारखान्यात नव्या पोरांचे बोर्ड तपासतो. "चालतंय ना?" असं मी कुणालाही विचारत नाही. "काय काय काढलंय?" असं विचारतो.

तोंडी परीक्षेला बाहेरून आलेले सर वयस्कर होते, आवाज हळू, चष्मा नाकावर ओघळलेला. वर्गात आम्ही वीसेक जण ओळीने बसलो होतो. सरांनी माझा अहवाल चाळला आणि फोटोवर बोट ठेवलं.

"पंख्यावरचा डायोड दिसत नाही."

"काढला, सर."

"का?"

"त्यातून करंट जात नव्हता, सर."

मागे मॅडमच्या पेनाचं टोपण खाली पडलं. सरांनी माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. रागाने नाही, डॉक्टर पेशंटकडे बघतो तसं.

"आणि ट्रान्झिस्टर गेला नाही? सात दिवसांत?"

"नाही, सर. सात दिवस सत्तावीस. आलेख आहे."

"रेडिएटरचा पंखा, डायोडशिवाय, सात दिवस," सर म्हणाले. "मग एक तर तुमचा पंखा वेगळा आहे, नाहीतर आकडे घरी बसून लिहिलेले आहेत. बोर्ड आणलाय?"

"शेडमध्ये आहे, सर. बॅच चालू आहे."

"मग फोन लावा. आणि आवाज सगळ्यांना ऐकू येऊ द्या."

मी फोन लावला आणि टेबलावर ठेवला. बऱ्याच वेळाने आत्याने उचलला. मागे तो वर्तमानपत्रं फाडल्याचा आवाज होता.

"बोल. लौकर बोल, पाला टाकायलेय."

"आत्या, डबा चालू आहे ना?"

"कंचा डबा?"

"माझा. पंख्याचा."

"परीक्षा झाली का तुजी?"

"चालू आहे."

"मंग झाल्यावर बोलू."

"आत्या, ठेवू नको. इथं सर आहेत, त्यांना ऐकू येतंय."

"आगं बया. रामराम सर. पोरगं चांगलं हाय आमचं. लई अभ्यास करतंय."

"नमस्कार," सर म्हणाले. "ताई, त्या डब्याचं काय झालं, खरं सांगा."

"खरं सांगितलं तर नापास करताल का त्याला?"

वर्गात कुणीतरी फिसकन हसलं. तो सिद्धू होता. सर म्हणाले, "नाही. खोटं लिहिलं असेल तर करीन."

"खोटं काय न्हाई सर. डबा दुसऱ्याच दिवशी गेला. पंखा बंदच व्हईना. गार झालं तरी फिरायलाच. पाला वाळून निस्ता कागद झाला, बॅटरी उतरत आली. मंग डब्यातून जळका वास यायला लागला. अळीला वास चालत न्हाई सर. म्हणून म्या वायरी उपटून डबा घरी कणगीवर नेऊन ठिवला."

"मग पंखा?"

"डायरेक्ट केला."

या वेळी सगळा वर्ग हसला. मॅडमही. सरांनी हात वर केला.

"म्हणजे नेमकं काय केलं?"

"बॅटरीला वायर लावायची आन् काढायची. अट्ठावीस झालं की लावायची, सव्वीस झालं की काढायची. पोरानं लिहूनच ठिवलंय की पुठ्ठ्यावर. दिवसभर हितंच बसून असते मी, भाकर बी हितंच खाते. दिवस मावळला की मंग हवा गार असती, पंख्याचं काम न्हाई."

"आणि सत्तावीस?"

"सत्तावीसच व्हतं सर. खोटं कावून सांगू?"

माझा प्रोग्राम सात दिवस बिनचूक चालला होता. फक्त तो चिपवर चालत नव्हता, आत्यावर चालत होता. मला त्या क्षणी लाज वाटली ती नापास होण्याची नव्हती. बॅच जाणार, तुती मोडणार, आणि त्याचं कारण मी खिशात घालून फिरतोय, याची होती.

"आत्या," मी म्हणालो, "अळ्या कशा आहेत?"

"हायत. थोड्या गेल्या त्या दिवशी, पाला वाळला तवा. आता कोष बांधायला चंद्रिकेच्या जाळीवर चढल्या म्हंजे कळंल. आजून काय सांगता येत न्हाई." मग ती म्हणाली, "सर, तुमी हायतच तर एक ईचारू का?"

"विचारा."

"वायर लावताना काय लई व्हत न्हाई. पण काढताना ठिणगी मारतंय बघा. निळी. अंगठा भाजला माजा. पंखा तर बंद व्हायलाय, मंग त्याच्यात जोर कुठून येतोय?"

सरांनी चष्मा काढला. तो टेबलावर ठेवला आणि माझ्याकडे वळून म्हणाले, "तुमची परीक्षा आता सुरू झाली. ताईंना उत्तर द्या. त्यांना कळेल अशा भाषेत."

मला पुस्तकातली व्याख्या पाठ होती, पण ती आत्याला सांगण्यासारखी नव्हती. मग मला आमच्या विहिरीची पाइपलाइन आठवली.

"आत्या, मोटार जोरात चालू असताना कुणी पुढचा कॉक एकदम बंद केला तर काय होतं?"

"पाइप उडतोय. मागच्या साली फुटला नव्हं का."

"तसंच. पंख्यात तारेचं भेंडोळं असतं. त्यातून वीज पाण्यासारखी वाहत असते. वायर एकदम काढली की ती एकदम थांबायला तयार नसते. तिला वाट मिळाली नाही की ती उडी मारते. ती तुझी ठिणगी. डब्यात ती उडी ट्रान्झिस्टरवर पडली, म्हणून तो जळाला आणि चालूच अडकून बसला."

फोनमधून फक्त पाला खाल्ल्याचा आवाज येत होता. मग ती म्हणाली, "मंग तिला माघारी फिरायला वाट ठिवायची व्हती की."

"होती, आत्या. तोच तो डायोड. पंखा फिरताना त्याचं काही काम नसतं. बंद होताना ती वीज त्यातून फिरून जिरून जाते. आकृतीत होता. मी काढला."

"कावून?"

वर्गात आता कुणी हसत नव्हतं. सर माझ्या उत्तराची वाट बघत होते, मॅडम बघत होत्या, आत्या बघत होती. "काम करताना दिसत नव्हता म्हणून," मी म्हणालो. इतक्या वर्षांत मला याहून बरं उत्तर सापडलेलं नाही.

"बरं," आत्या म्हणाली. "ठिवते. पाला वाळायलाय."

सरांनी मला आलेखाच्या पानावर त्यांच्यासमोर एक ओळ लिहायला लावली की दुसऱ्या दिवसापासून पंखा माझ्या आत्याने हाताने चालवला. मी तिचं पूर्ण नाव लिहिलं, कौसल्या. आमच्या घरातल्या बाईचं नाव छापील मुखपृष्ठाच्या अहवालात येण्याची ती पहिलीच वेळ. पास झालो, काठावर. बाहेर आल्यावर सिद्धू म्हणाला, "बे, निम्मे मार्क आत्याला पाठवून दे मनीऑर्डरनं."

लगेच घरी जाता आलं नाही, कारण दोन पेपर राहिले होते. ते आठ दिवस मी नीट अभ्यास केला नाही. फोन लावायचा धीर होत नव्हता. अळ्या चंद्रिकेवर चढल्या असतील का, कोष बांधत असतील का, की आत्या पुन्हा पाटी घेऊन खड्ड्याकडे जात असेल, एवढंच डोक्यात. खिशातला डायोड मी रोज काढून बघायचो आणि परत ठेवायचो. आईचा एकदा फोन आला तर तिने जेवणाचंच विचारलं. आत्याचा आला नाही, आणि चार दिवस न बोलण्याची तिची सवय मला माहीत होती.

शेवटचा पेपर देऊन खोलीवर आलो आणि अण्णांचा फोन आला. अण्णा स्वतःहून फोन करत नसत. केला तर कुणीतरी गेलेलं असायचं. मी उभ्यानेच उचलला.

"झाला का पेपर?"

"झाला. अण्णा, घरी सगळं..."

"आज घरात येसराची आमटी केलीया," अण्णा म्हणाले. मिरची भाजली होती, म्हणजे बॅच संपली होती. पण बॅच दोन्ही तऱ्हांनी संपते. त्यांनी घसा साफ केला. "मी गेलतो शेडात."

"तुम्ही? आत?"

"हात धुवून गेलतो. पुडी बाहेर ठिवून. पांढरंधोप झालंय सगळं, चंद्रिका दिसंना कोषानं." मागे आत्याचा काहीतरी सांगण्याचा आवाज येत होता. "तेलगावच्या पाव्हण्याला फोन केलता. बेणं आणू नको म्हणलं. आन् हे बघ, तुजी आत्या म्हणायली, येताना त्ये डायोड का काय, दोन घिऊन ये. एक लावायला, आन् एक तू काढलास तर परत लावायला."